अबिओनाचं जन्मस्थान

ओशोग्बोच्या प्राथमिक शाळेतले लादिपो मास्तर यांना मंगळवारी सकाळी मुलगी झाली. ती दवाखान्यात व्हायची होती. पण वाटेतल्या खड्ड्यात टॅक्सीचा एक्सल तुटला आणि मुलीने दुसऱ्या वाहनाची वाट पाहिली नाही. टॅक्सीवाल्याने तोंड फिरवलं, कडेला तळलेला याम-कंद विकणाऱ्या बाईने हात धुतले, आणि मास्तरांची बायको मोरेनिके सुखरूप सुटली.

आठव्या दिवशी बाळाच्या ओठांना मध आणि मीठ लावून मास्तरांच्या आईने नाव उच्चारलं, "अबिओना." म्हणजे वाटेत जन्मलेली. आमच्या ओशोग्बोत म्हणतात, घराकडे बघून बाळाचं नाव ठेवावं. इथे रस्त्याकडे बघावं लागलं, एवढंच.

मास्तर जन्मनोंदणी कार्यालयात गेले. तिथे श्रीमती ओयेबान्जी संगणकावर बसत.

"जन्मस्थान?"

"रस्ता."

"रस्ता नाही चालणार. दवाखाना किंवा घर, दोनच पर्याय आहेत."

"बाई, पण जन्म रस्त्यावर झाला."

"झाला असेल. पण नोंदवता येत नाही, म्हणजे झाला नाही." बाई स्वभावाने दयाळू होत्या. त्यांनी आपणहून 'दवाखाना' भरलं. मग नाव वाचलं आणि चष्मा काढला. "मास्तर, दवाखान्यात जन्मलेल्या मुलीचं नाव 'वाटेत जन्मलेली'? ही चक्क खोटी माहिती. गुन्हा आहे हा."

"मग 'रस्ता' लिहा!"

"लिहीन की. खास बाब म्हणून. आधी रस्ते विभागाचा दाखला आणा, की त्या जागी गाडी बाळंतपणाइतका वेळ अडकू शकते."

रस्ते विभागाच्या अभियंत्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि फाइल दाखवली. फाइलमधला रस्ता फार सुंदर होता. दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेला, फीत कापलेला.

"या रस्त्याने दवाखाना तुमच्या घरापासून अकरा मिनिटांवर आहे. त्यामुळे तुमची मुलगी वाटेत जन्मलेली असू शकत नाही."

"साहेब, तुटलेला एक्सल आणून दाखवू का?"

"एक्सलबद्दल मला सहानुभूती आहे. पण नावाचा विचार करा. मुलगी ऐंशी वर्षं जगणार. दिवसातून वीसदा तिला कोणीतरी हाक मारणार. म्हणजे ऐंशी वर्षं आमच्या खात्याविरुद्ध तोंडी तक्रार चालूच! हे नाव नाही मास्तर, हा मोर्चा आहे."

त्यांनी अर्जावर शेरा मारला: 'नाव विकासविरोधी. शिफारस नाही.'

घरी शेरा वाचून दाखवला, तशी म्हातारी उसळली. "खड्डा बुजवायचा सोडून माझ्या नातीचं नाव बुजवतायत होय मेले!"

"आई, दाखल्याशिवाय लसीचं कार्ड करत नाहीत," मोरेनिके म्हणाली. "गोवर काही कागद बघून येत नाही." मग नवऱ्याकडे वळली. "अहो, त्यांना हवं ते लिहून द्या. घरात आपली अबिओना."

मास्तरांनी 'इबिदुन' लिहून दिलं. म्हणजे, जन्म गोड झाला.

"छान," श्रीमती ओयेबान्जी म्हणाल्या, "या नावाने कुठल्याच खात्याचं मन दुखत नाही." शिक्का अर्ध्या मिनिटात बसला.

घरात, गल्लीत, बाजारात ती अबिओनाच राहिली. दुसरं नाव तिला सांगायला मास्तरांना लाज वाटे. ते आज-उद्या करता करता सहा वर्षं गेली आणि मुलगी त्यांच्याच वर्गात दाखल झाली. नेमके पहिल्याच दिवशी शिक्षण निरीक्षक तपासणीला येऊन मागे बसले.

मास्तरांनी हजेरी घेतली. "इबिदुन."

पहिल्या बाकावर अबिओना आपलं नाव कधी येतं याची वाट बघत ताठ बसली होती.

"इबिदुन!"

"दाखला आहे ना तिचा?" निरीक्षकांनी विचारलं.

"आहे साहेब."

"मग आली का नाही?"

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं, मग हजेरीपटाकडे. त्यांनी 'गैरहजर' मांडलं. यादी संपली.

"बाबा, माझं नाव राहिलं," अबिओना म्हणाली.

"शांत बस," मास्तर वर न बघता म्हणाले. "यादीत नाहीस तू."

आता मास्तरांना नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. फक्त त्याआधी आपल्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख एक जून तर नाही ना, तेवढं बघून घ्या.