चेयरेक वर

आष्ट्याच्या पिठाच्या गिरणीत तुर्कस्तानचं नवं मशीन बसवायला आलेल्या जेमिल उस्तानं पहिल्याच सकाळी नईमला विचारलं, "सआत काच?" आणि नईमनं ऑफिसातून काचेचे सात ग्लास पाणी भरून आणले. उस्ताचं, म्हणजे या तुर्की मिस्त्रीचं, घड्याळ अजून तिकडच्या वेळेवर चालत होतं. त्याला फक्त किती वाजले ते हवं होतं. आणलंच आहे म्हणून त्यानं एक ग्लास पिऊन टाकला.

नईम या गिरणीत अकरा वर्षं मोटारी आणि पट्टे सांभाळत होता. त्याला दुभाष्या केलं ते मालक धैर्यशीलदादांनी. "तुमच्यातलीच भाषा की रं ती," एवढंच ते म्हणाले होते. नईमच्या घरात दख्खनी, घराबाहेर मराठी. तुर्कीशी संबंध इतकाच की बायको अफसाना तुर्की मालिका बघायची, आणि त्याही उर्दूत. पण नवं मशीन कोण चालवणार हे अजून ठरायचं होतं. पुण्याचा एक डिप्लोमावाला येऊन सगळं बघून गेला होता. त्यामुळं नईमच्या तोंडून नाही निघालंच नाही. "जमंल की दादा," असं तो म्हणाला आणि त्या दिवसापासून घरी गेल्यावर मोबाईलवर तुर्की शिकायला बसला.

उस्ता कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते बहुतेक वेळेबद्दलच. लाइट किती वाजता येते, चहा किती वाजता, कामगार किती वाजता. म्हणून नईमनं रंग, फळं, नातीगोती सगळं सोडून थेट घड्याळाचा धडा धरला. बीर, इकी, उच करत बारापर्यंत गेला. आपल्याकडं साडे आधी लागतं, तिकडं बुचुक मागून लागतं, हेही त्यानं पचवलं. चारच दिवसांत त्यानं उस्ताला 'ओन बुचुक' म्हणून सांगितलं आणि बरोब्बर साडेदहाला चहा आणून दाखवला. उस्ता खूश होऊन "तमाम" म्हणाला, म्हणजे ठीक. दादांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी पुण्याच्या मुलाचा फोन उचलला नाही.

मग चेयरेक आलं. चेयरेक म्हणजे पाव. धड्यात पाव तासाची दोन वाक्यं होती. एक 'गेचियोर'वर संपत होतं आणि नईमच्या जिभेवर काही केल्या बसत नव्हतं. दुसरं मात्र त्याला एकदम घरचं वाटलं. 'दोकुझा चेयरेक वर.' नऊ, पाव, वर. नऊच्या वर पाव, म्हणजे सव्वानऊ. खाली घड्याळाचं चित्र होतं, पण ते उघडायच्या आत रेंज गेली, आणि इतक्या सोप्या गोष्टीला चित्र कशाला म्हणून नईमही झोपला.

उद्घाटन शनिवारी सव्वानऊला ठरलं. साखर कारखान्याचे चेअरमन फीत कापणार आणि त्याच क्षणी उस्ता बटण दाबणार. शुक्रवारी दादांनी नईमला ते उस्ताला नीट समजावून सांगायला लावलं. घड्याळावर बोट ठेवून दाखवलं असतं तरी काम झालं असतं. पण दादा शेजारीच उभे होते आणि बोटानं दाखवायचं तर दुभाष्या कशाला हवा होता? नईम छाती पुढं काढून म्हणाला, "दोकुझा चेयरेक वर." उस्तानं डोळे जरा मोठे केले, इतक्या लवकर का असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं, पण तो "तमाम" म्हणाला.

शनिवारी साडेआठला दादांच्या आई मनुबाई एकट्याच रिक्षानं गिरणीत आल्या. नऊपासून राहुकाळ लागतो, तसल्या वेळेला मी मांडवात बसणार नाही, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. नऊच्या आत मशीनला हळदकुंकू लावायचं आणि परत जायचं, एवढाच त्यांचा बेत. नईमनं त्यांना खुर्ची दिली, नारळ फोडून दिला आणि हात जोडून मागं उभा राहिला. उस्तानं हे सगळं पाहिलं. मोठ्या बाई आल्या, पूजा झाली, घड्याळात पावणेनऊ वाजले. पॅनेलसमोर आडवी आलेली लाल फीत त्यानं खिशातल्या पकडीनं तोडली आणि बटण दाबलं.

मशीन गरजलं. पीठ जिथून पडतं तिथं पोतं लावलेलंच नव्हतं, झेंडूची माळ लावली होती. माळ उडाली आणि पीठ लाल गालिच्यावर पडायला लागलं. मनुबाईंनी न डगमगता हातातलं ताट धारेखाली धरलं. नईम पोतं शोधायला धावला. पोतं लावून होईतो तो पायांपासून भुवयांपर्यंत पांढरा झाला होता.

नऊ वाजून पाच मिनिटांनी दादा फेटा बांधून चेअरमनना घेऊन आले. चेअरमनच्या हातात कात्री होती. फीत जमिनीवर पडली होती, आणि चौथं पोतं भरत होतं. दादांनी नईमकडं पाहिलं. नईमला कळलं की चूक आपली आहे, कुठली ते कळेना. तो तोंड उघडणार तोच, या गडबडीत परत जायच्या राहिलेल्या मनुबाई नईमकडं बोट करत पुढं झाल्या.

"म्हैनाभर बोंबलत हुते, राहुकाळात नगं म्हनून. तू न्हाई ऐकलंस. ह्यानं ऐकलं. आता मशीन ह्याच्याच हाती दे."

चेअरमनसमोर आईशी वाद घालणं शक्य नव्हतं. चेअरमनना पहिल्या पोत्याच्या शिलाईचा दोरा कापायला दिला, फोटो झाले, आणि संध्याकाळी पॅनेलची किल्ली नईमला मिळाली.

त्या रात्री अफसानानं मोबाईलवरचं घड्याळाचं चित्र उघडून त्याच्यापुढं धरलं. काटा पावणेनऊवर होता. वर म्हणजे आहे. नऊला पाव तास आहे. आपणही असंच म्हणतो की, हे कळल्यावर नईमला फार वेळ झोप लागली नाही. फुकटचं श्रेय घेतल्याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि दादांना सांगायचं धाडसही होत नव्हतं. निदान जाताना तरी उस्ताला एकदा अचूक वेळ सांगायची, असं त्यानं ठरवलं.

मंगळवारी उस्ताला पुण्याला न्यायला पावणेबाराला गाडी येणार होती. नईमनं त्याला हळू, स्वच्छ सांगितलं, "ओन इकिये चेयरेक वर," म्हणजे बाराला पाव तास आहे. उस्ता हसला, "तमाम" म्हणाला.

पावणेबाराला गाडी आली. उस्ताच्या बॅगा घेऊन नईम दारात उभा. बारा वाजले. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. सव्वाबाराला उस्ता दादांच्या घरून जेवून, बडीशेप चघळत आला, दादा त्याच्यासोबत. नईमपाशी येऊन त्यानं बोट आभाळाकडं केलं आणि शाबासकी मागितल्यासारखं म्हणाला, "वर."

नईमनं दादांकडं पाहिलं.

"शनवारचा घोळ कळल्यावर त्येला रविवारीच मोबाईलच्या भाषांतरावर समजावलंय म्या," दादा म्हणाले. "आमचा नईम वर म्हनला की तासाच्या फुडं जायाचं."

म्हणजे दादांना रविवारपासून सगळं माहीत होतं. नईमचा हात आपोआप खिशातल्या किल्लीकडं गेला. तो ती काढून देणार, तेवढ्यात दादांनी स्वतः बॅग उचलून डिकीत टाकली आणि आवाज खाली आणला.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. आईला मातूर बोलू नगंस. ती लय खूश हाय, आन मलाबी पुण्याचा पोरगा परवडत न्हाई."