पिन सोडून दुसरं सांगा

रामभाऊजींच्या इंटरनेटच्या डब्यात मी पदराची सेफ्टी पिन खुपसली, हे आधीच कबूल करते. तेव्हा मी तरुण होते, पासष्टीची. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

मलकापुरात आमची आणि भाऊजींची भिंतीला भिंत. त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. गाडी कधी येणार असं कोणी विचारलं की मान वर न करता म्हणायचे, "आली की दिसन." शेजारी होण्याआधी मीही एकदा बुलडाण्याच्या गाडीचं दोनदा विचारलं होतं, तर म्हणाले, "बाई, म्या काय गाडी खिशात घेऊन बसलो?"

निवृत्त झाले आणि देवाने त्यांना खिडकीच्या बाहेर उभं केलं. घरात इंटरनेट आलं.

डब्यावरचा दिवा लाल झाला की भाऊजी ओट्यावर खुर्ची टाकून कस्टमर केअरला फोन लावायचे, तोही स्पीकर चालू करून. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं ऐकू आलं की गल्लीतल्या बाया कुकर चढवायच्या. वरण शिजेपर्यंत तिकडे कोणी बोलणार नाही, याची खात्रीच. मग एखादी पोरगी यायची. भाऊजी आधी तिचं गाव विचारायचे, आणि गावाला बसच्या पाटीसारखं "मार्गे" लागायचंच. ती म्हणायची, "सर, तुमची तक्रार पुढे पाठवली आहे." की यांचं सुरू, "कोन्त्या मार्गे? मोताळ्यावरून का नांदुऱ्यावरून?" पोरगी गोंधळून पुन्हा पहिल्यापासून वाचायची. वायर काढा, वायर लावा. डबा बंद करा, चालू करा. भाऊजी सगळं शिस्तीत करायचे. शेवटी ती म्हणायची, डब्याच्या मागे बारीक छिद्र आहे, त्यात पिन दाबून धरा.

"पिन सोडून दुसरं सांगा."

दुसरं तिच्याकडे काही नसायचं. दुसऱ्या दिवशी नवी पोरगी, तीच वरात. कधी दिवा आपोआप हिरवा व्हायचा, मग भाऊजी मिशीवरून असा हात फिरवायचे, जणू कंपनी शरण आली.

कनेक्शन घेतलं तेव्हा सुमनताई होत्या. बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, वायफायला नाव काय देऊ? भाऊजींनी तोंड उघडायच्या आत त्याच पदर खोचून पुढे झाल्या. म्हणाल्या, "दारावर यांचं नाव, लाइटवर यांचं, सिलिंडरवर यांचं. हे एक तं माह्या नावाचं राहू द्या." तेव्हापासून भिंतीच्या अल्याड माझ्याही फोनवर 'सुमन' दिसायचं. पासवर्ड त्यांनीच दिला होता, मूठभर कढीपत्ता द्यावा तसा. पुढे सुमनताई गेल्या. नाव तेवढं राहिलं.

एवढं मला ठाऊक होतं. पिन टोचली की ते नाव पुसलं जातं, हे मात्र भाऊजींना ठाऊक होतं, मला नव्हतं. मला वाटायचं, माणूस हट्टी आहे.

त्या आठवड्यात दिवा लालच होता. माझ्या मालिकेतली सून विहिरीच्या काठावर, सासू तिच्या मागे, आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. भाऊजी दाढी करायला गेले. किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे. कस्टमर केअरची गरज नव्हती, अख्ख्या गल्लीला सगळं तोंडपाठ होतं. पिन दाबून धरली. दिवे विझले, लागले, हिरवेगार झाले. मी इंजिनियर झाल्यासारखी घरी आले, फोन उघडला. 'सुमन' कुठेच नाही. कंपनीचं लांबलचक नाव आणि त्यामागे आकड्यांची शेपटी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. त्या सुनेचं पुढे काय झालं, मी अजून पाहिलेलं नाही.

भाऊजी परतले तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. एवढी तोंडाळ बाई मी, पण शेवटी पिनच पुढे केली. ते आत गेले, डबा पाहिला, फोन पाहिला. आता माझा उद्धार होणार, म्हणून मी पदर सावरून तयार.

त्यांनी फोन लावला. स्पीकर लावला नाही. पोरीचं गाव विचारलं नाही. वायफायचं नाव बदलायचं आहे, एवढंच हळू आवाजात सांगितलं. ती सांगत गेली, भाऊजी मला सांगत गेले, मी माझ्या फोनवर बोटं दाबत गेले. नाव काय ठेवायचं, असं तिने विचारलं तिथे मात्र ते अडले. पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत राहिलं. मग त्यांनी एकदाचं नाव घेतलं आणि मी ते टाकलं. थोड्या वेळाने दोघांच्याही फोनवर 'सुमन' उगवलं.

झालं भाऊजी, होतं तसंच झालं, असं म्हणून मी निघाले. चपला पायात सरकवत होते, तर मागून म्हणाले,

"वहिनी, या खेपेले तिले न इचारताच टाकलं. रागावणार तं नाही ना?"