धूर धुणाऱ्या मनोऱ्याची फीत

"साहेब, हा मनोरा चालू केला तं बिघडते का हो?"

हा प्रश्न अर्पिताचा नव्हता. देऊळघाटजवळच्या रसायन कारखान्यात तिचा दहावीचा वर्ग भेटीला आला, तेव्हा मैत्रीण छकुलीनं तिला कोपरानं ढोसलं होतं, "हिंमत असंन तं इचार ना वं! तुहे बाबाच तं राह्यते इथं कामाले." विचारून झाल्यावर मात्र अर्पिताला तो प्रश्न इतका आवडला, की तिनं तो आपलासाच करून टाकला.

धुरातला सल्फर डायऑक्साइड काढण्याचे जगात दोनच मार्ग आहेत: एक रसायनशास्त्राचा, दुसरा प्रशासनाचा. पहिल्यात धूर मनोऱ्यात खालून चढतो, वरून चुन्याच्या पाण्याचा फवारा पडतो, वायू धुतला जातो आणि तळाशी जिप्सम साचतं. दुसऱ्यात मनोऱ्याला फीत बांधतात.

व्यवस्थापक उत्तमरावांनी प्रेमानं समजावलं. मनोऱ्याची कार्यक्षमता अठ्ठ्याण्णव टक्के. (उरलेले दोन टक्के म्हणजे बटण दाबणं.) आजवर बिघाड शून्य, वीजखर्च शून्य, चुन्याची नासाडी शून्य. बटणाची पेटी फितीमागे आहे आणि फीत कापायला प्रमुख पाहुणे हवेत. त्यांची तारीख मिळेना. उद्घाटनाआधी यंत्र चालवणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान! धुराला एवढी समज नाही. तो निघत राहतो. निमंत्रणपत्रिका मात्र जिल्हाभर वाटून झाल्या आहेत. (तुम्हालाही मिळाली असेल. म्हणूनच तर तुम्ही काही बोलत नाही.)

"मग सुधारणा काहीच नाही?" अर्पितानं विचारलं.

"आहे ना, बेटा!" उत्तमराव खुलले. या वायूनं रंग उडतो. लाल फीत पांढरी पडायची, कार्यक्रमाची शोभा जायची. आता वेळोवेळी नवी फीत बांधतात. रंग न उडणारी फीत शोधायला समितीही नेमली आहे.

फितीशेजारी तबकात कात्री घेऊन एक माणूस कायम उभा लागतो. पाहुणे अचानक आले तर? ते काम अर्पिताच्या बाबांचं, देवानंद यांचं. त्यांच्या हातात तबक कधी हलायचं नाही. हल्ली खोकल्यानं कात्री खणखणते. ही हवा सोडली नाही तर फुप्फुसं जातील, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्यानं तातडीनं दखल घेतली आणि तबकात मखमल अंथरली.

संध्याकाळी बाबा खोकत बसले होते, आई पाठ चोळत होती. अर्पितानं दप्तर खाली टाकलं.

"आई, बाबा, मी ठरवलं. उद्या ती फीत मीच कापीन. बटणही दाबीन."

"येडी झाली का वो? माही नोकरी जाईन ना!"

"जाऊ द्या. तुम्ही राहा."

आईचा हात पाठीवरच थांबला. "अन् लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन कसे? एक हात नाकावर, दुसरा तोंडावर ठेवून बसले हायेत सारे. उद्या टाळ्या वाजवाले तरी काढतीन का नाही, ते पाहू."