झिलईवरची अक्षरे

वाचता येणाऱ्या अक्षरांपेक्षा वाचता न येणारी अक्षरे केव्हाही अधिक पूज्य असतात. वाचता आले की माणूस अर्थ विचारतो. न आले की हात जोडतो. या पायावर आपल्याकडे पुष्कळ संस्था उभ्या आहेत. साताऱ्याचे प्राचीनलेख चिकित्सक मंडळ त्यांतलेच एक.

१९४६ साली हवालदार लालासाहेब इराणातून परत आला. पेटीत घोंगडीत गुंडाळलेला एक वाडगा होता. त्याच्या पलटणीतला सोबती धुळा, माण तालुक्यातला धनगराचा मुलगा, याने तो तिकडच्या एका जुन्या बाजारात घेतला होता. धुळा परत आला नाही. जाताना तो म्हणाला होता, "लाला, त्यो वाडगा माझ्या आयला दे. ह्यात जेव म्हनावं."

लालासाहेब माणला जाण्याआधी आपल्या शाळेतल्या गुरुजींना नमस्कार करायला साताऱ्यात थांबला. ही त्याची चूक. गुरुजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष गंगाधरपंत.

वाडगा मातीचाच, पण वर पांढरी झिलई. आतल्या काठाने काळी अक्षरे गोल फिरलेली. उंच, ताठ, उसाच्या कांड्यांसारखी, एखाद्याच्या शेंड्याला पाने फुटलेली. गंगाधरपंतांनी चष्मा पुसला. "एक दिवस ठेव," ते म्हणाले. (संशोधनातला एक दिवस आणि पंचांगातला एक दिवस यांचा संबंध नाही.)

प्रथम शुद्धीचा प्रश्न निघाला. परमुलखात त्यात कोणी काय खाल्ले असेल कोण जाणे. आणि मातीच्या भांड्याला शुद्धी नाही. उपाध्यक्ष नारायणरावांनी तोड काढली: झिलईमुळे वाडगा काचेत मोडतो, आणि काचेला विटाळ नाही. तरीही गोमूत्र शिंपडले. ते मंडळाच्या खर्चात "रसायने" या सदराखाली आहे.

मग वाचन. गंगाधरपंतांच्या मते वाडगा उलटा धरला की लिपी मोडी होती, आणि मजकूर त्यांच्या पणजोबांच्या वतनाचा. नारायणरावांच्या मते तो आरशात पाहायला हवा होता. तसे पाहिल्यावर ती ब्राह्मी होती, आणि गंगाधरपंतांच्या पणजोबांचा तीत उल्लेख नव्हता. एकूण अकरा सभासदांपैकी सात जणांना वाडग्यावर स्वतःचे आडनाव सापडले. उरलेल्या चौघांकडे चष्मे नव्हते.

शेवटी सांगलीहून फारसीचे एक शिक्षक बोलावले. ते वाडगा फिरवत म्हणाले, "अरबी आहे. जुने, कोनदार वळण. हा एक शब्द 'बरकत'. बाकीचे लागत नाही. बहुधा नुसती नक्षी असावी. कधी कधी कारागिराला स्वतःलाही वाचता येत नसे. त्याला अक्षरांचे रूप आवडे." अर्थ नसलेली गोष्ट कोणी सुंदर म्हणून काढील, हे मंडळाच्या घटनेत बसत नव्हते. सांगली हे संस्थान असल्याने तेथील विद्वत्ता साताऱ्यावर बंधनकारक नाही, असा ठराव झाला.

लालासाहेब दर बाजाराच्या दिवशी येई. "गुरुजी, म्हातारी वाट बघतीया."

"अरे, हा जगाचा ठेवा आहे," गंगाधरपंत म्हणत. "जगाने थांबायचे आणि म्हातारीने नाही?"

म्हातारीने थांबायचे नाकारले. राहीबाई दहिवडीकडून सर्व्हिस मोटारीने आली आणि लालासाहेबाबरोबर भर सभेत उभी राहिली.

"माझ्या धुळ्यानं धाडलेला वाडगा द्या."

"तो तुमचाच कशावरून?" नारायणरावांनी विचारले. "यावर काय लिहिले आहे, सांगा."

"मला वाचाया येत न्हाई," राहीबाई म्हणाली. "पर तुमालाबी येत न्हाई म्हनं."

हे विधान इतिवृत्तातून वगळण्यात आले.

"निदान बघू तरी द्या," ती म्हणाली. ही विनंती नियमात बसत होती. तिने वाडगा दोन्ही हातांत घेतला. काठावरून अंगठा फिरवला, एकदा पुरा. मग खाली बसली, फडक्यातली भाकरी सोडली, वाडग्यात कुस्करली, त्यावर लोटक्यातले कालवण ओतले आणि जेवू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण घास थांबला नाही. लालासाहेब भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जेवून तिने वाडगा मेजावर ठेवला. "घ्या. ठेवा तुमचा ठेवा."

उष्टा वाडगा. कोणी हात पुढे करीना. विसळायचा कोणी, हा प्रश्न अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे आणि उपाध्यक्षांनी पोटसमितीकडे सोपवला. अखेर नारायणरावांनी जाहीर केले की फेरविचारान्ती वाडगा काचेचा नसून मातीचाच आहे. गंगाधरपंतांनी अनुमोदन दिले. मंडळाच्या इतिहासातले हे पहिले एकमत. जगाचा ठेवा राहीबाईस कायमचा देण्यात आला. (हे तिने भुकेने केले की ठरवून, यावर मंडळात दोन पक्ष आहेत.)

पुढे मंडळाने हा वृत्तान्त छापला, तेव्हा वाचकांची बरीच पत्रे आली. प्रत्येकाने हेच विचारले होते की उरलेल्या अक्षरांचा अर्थ काय. धुळा कशाने गेला, हे एकानेही विचारले नाही. आपल्यालाही इथपर्यंत अक्षरांचीच उत्सुकता लागून राहिली असेल, तर मंडळात सभासदाची एक जागा रिकामी आहे. चष्म्याची अट नाही.