विश्वनाथरावांची कडक पॉलिसी

ऑफिसात कम्प्युटरच्या सुरक्षेचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं आणि विश्वनाथरावांना आपलं घर एकदम उघड्यावर पडल्यासारखं वाटू लागलं. (घराच्या दाराचं कुलूप कधीचं बिघडलेलं होतं, पण तो विषय ट्रेनिंगमध्ये नव्हता.) त्याच रविवारी त्यांनी घरच्या कम्प्युटरला पॉलिसी लावल्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर एकटे तेच. बायको पुष्पलताबाई साधी युजर. तिनं फायली पाहायच्या, ऐकायच्या, पण बाहेर न्यायच्या नाहीत. तिच्या खात्यावर पेन ड्राइव्ह बंद, इंटरनेट बंद. पासवर्ड तीनदा चुकला की कोणत्याही खात्याला कुलूप, आणि ते उघडणार फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये बायकांची नाटिका होती. पुष्पलताबाईंनी जीव ओतून बसवलेली. तिचं सगळं संगीत याच कम्प्युटरमध्ये होतं.

"हा कम्प्युटर पेन ड्राइव्ह काहून नाही घेऊन राहिला जी?"

"पॉलिसी आहे वं. चोरी होऊ नये म्हणून."

"माये गाणे चोराले कोन येऊन राहिलं? काढा ते! बाया तिकडं नटूनथटून बसल्या."

"नियम म्हणजे नियम," असं बजावत विश्वनाथराव आपल्या खात्यातून बंदी उठवायला ऐटीत खुर्चीवर बसले. पहिला पासवर्ड चुकला. दुसरा चुकला. तिसरा त्यांनी डोळे मिटून मारला, आणि कम्प्युटरनं त्यांनाच बाहेर काढलं.

"आता बोलवा तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरले."

"मीच तर आहो."

पुष्पलताबाईंचा पारा चढला. पण हार मानतील तर त्या कसल्या! "फाइल बाहेर नेता येत नाही न? मंग कम्प्युटरच नेतो. कोनती पॉलिसी अडवते, पाहतोच मी!" आणि त्यांनी भराभर वायरी उपसल्या.

मग भर कॉलनीतून वरात निघाली. पुढे मॉनिटर घेतलेल्या पुष्पलताबाई, मागे सीपीयू पोटाशी धरून घामाघूम विश्वनाथराव. गेटवर शेजारच्या धम्मानंदनं हटकलंच.

"काहून गा, घर बदलून राहिला का?"

"सिक्युरिटी चेक करून राहिलो," विश्वनाथराव ताठ मानेनं म्हणाले.

साध्या युजरच्या खात्यावर गाणी खणखणीत वाजली. नाटिकेला अशा टाळ्या पडल्या, की पुष्पलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खीर वाटायलाही त्याच उभ्या राहिल्या. विश्वनाथरावांनी हसत वाटी पुढे केली, तशी पळी वरच्या वर थांबली.

"तुमच्या खात्याले फक्त पाहाची परवानगी आहे."

"ही पॉलिसी कोनं लावली?"

"अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं."

सीपीयू परत घरी न्यायची मात्र विश्वनाथरावांना पूर्ण परवानगी होती.