म्हाताऱ्याच्या अंगाला बाळाचा वास

चुका निष्काळजी माणसांच्या हातून होतात, आपल्या नाही, असं सिस्टिमवालीचं ठाम मत होतं.

लॅबमध्ये तिला सगळे सिस्टिमवालीच म्हणत. रक्त-लघवी तपासणाऱ्या त्या दुमजली लॅबमधले कॉम्प्युटर, प्रिंटर आणि जिन्याखालच्या कपाटात कोंडलेला सर्व्हर, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात होतं. घरी आठ महिन्यांचं बाळ होतं. त्याची जबाबदारीही आपल्या एकटीवरच आहे, अशी तिची समजूत होती. दिवसभर बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाईंचं यावर काय मत होतं, हे कुणी विचारलं नव्हतं!

बाळाच्या बाबतीत तर चुकीला शिरायला तिनं फटच ठेवली नव्हती. बाळ लेबलं सोलून गिळेल या भीतीनं घरातल्या यच्चयावत वस्तूंवरची ती तिनं नखानं खरवडून काढली होती. घरात मीठ कुठलं आणि धुण्याचा सोडा कुठला, हे फक्त चव घेऊन कळायचं! दारावरच्या बेलची वायर तोडली होती. बाळ झोपलं की सासूबाईंनी फोन मुका करायचा, आतून कडी लावायची, असा नियम होता. दारावर कागद होता : ‘बाळ झोपले आहे. बेल वाजवू नये. दार ठोकू नये. हाक मारू नये.’

“श्वास घेतला तर चालेल का गं?” समोरच्या काकूंनी एकदा विचारलं होतं.

“हळू घ्या,” ती म्हणाली होती. आणि ती चेष्टा करत नव्हती.

बाळाला लंगोटाच्या जागी पुरळ उठायचं. त्यावर डॉक्टरांनी पांढरं मलम दिलं होतं. पण डबीत कुणी बोट बुडवलं की जंतू गेलेच! म्हणून तिनं लॅबमधून कोऱ्या सिरिंज आणल्या, सुईशिवायच्या, आणि सगळं मलम त्यांत भरून ठेवलं. दट्ट्या दाबायचा, मलम थेट बाळाच्या अंगावर. बोटाचा संबंधच नाही! ही युक्ती सुचली त्या दिवशी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

इकडे लॅबमधल्या सर्व्हरला सगळे ‘म्हातारा’ म्हणत. म्हातारा खरोखरच म्हातारा झाला होता. सकाळी गर्दीच्या वेळी त्याला अशी धाप लागायची, की जिन्यावरून जाणारा माणूस दचकून खाली बघायचा. गेल्या आठवड्यात तो भर सकाळी गपकन बंद पडला आणि बाकावरची माणसं दुपारपर्यंत रिपोर्टची वाट बघत बसली. त्या बाकावर गप्पा होत नसत. एकमेकांकडे बघायचंही सगळे टाळत. आपल्या रक्तात काय निघालंय ते कळेपर्यंत माणूस भिंतीकडेच बघतो.

लॅबच्या मालकीण म्हणजे मॅडम. स्वतः डॉक्टर, आणि आवाज असा की प्रत्येक वाक्य निदानासारखं वाटावं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “बाळंतपणानंतर कामावर लक्ष लागत नाही, मला समजतं. जमत नसेल तर सांग. मी बाहेरून माणूस बघते.”

बाहेरचा माणूस आला की आतला माणूस बाहेर, हे सांगायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

“मॅडम, अख्खं मशीन बदलायची गरजच नाही! त्याला झेपेल असा जास्त ताकदीचा प्रोसेसर मी शोधून ठेवलाय. फक्त तो बदलायचा. तासाभरात म्हाताऱ्याला तरुण करून देते!”

“तास म्हणजे तास,” मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं म्हाताऱ्याचा श्वास थांबवला. काउंटरवरच्या मुलीनं बाकाकडे तोंड करून खणखणीत आवाजात जाहीर केलं, “रिपोर्टला वेळ लागेल! म्हाताऱ्याचं डोकं उघडलंय!”

बाकावरच्या एका बाईंचा हात तोंडावर गेला. “कुठल्या मजल्यावर आहेत हो ते?”

“इथंच, जिन्याखाली.”

“अरे देवा! जिन्याखाली!” बाई म्हणाल्या आणि आपली फाईल छातीशी धरून दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

कपाटात तिचं काम मात्र झकास चाललं होतं. प्रोसेसरवर बसवलेला धातूचा जड ठोकळा तिनं स्क्रू काढून उचलला. खालची जुनी पेस्ट सुकून भिंतीच्या पोपड्यांसारखी झाली होती. ती स्पिरिटनं पुसली. जुना प्रोसेसर काढला. नव्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जागेवर जुळवला आणि झोपलेलं बाळ गादीवर ठेवावं, तसा तो न दाबता अलगद सोडला. आता राहिली पेस्ट. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवायला मध्ये ही पेस्ट लागतेच. ती नसेल तर नवा प्रोसेसर तिथल्या तिथे भाजून मरतो. पेस्ट कुरियरनं घरी आली होती, सिरिंजमध्ये. तिनं पर्समधून सिरिंज काढली, वाटाण्याएवढा पांढरा ठिपका दाबला. जरा मऊ वाटला, पण नवीन माल मऊच असायचा! ठोकळा बसवला, स्क्रू आवळले, बटण दाबलं.

म्हातारा उठला तो पळतच सुटला! प्रिंटर फडफड कागद ओकायला लागला. काउंटरवाली नावं पुकारताना धापा टाकू लागली. मॅडम स्वतः खाली आल्या, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ठीक.” त्यांच्या तोंडचा ‘ठीक’ म्हणजे इतरांकडचा हारतुरा! बाकावर एक माणूस रिपोर्ट वाचून हसला, एक नुसताच घडी घालून खिशात ठेवत बाहेर पडला. रिपोर्ट लवकर मिळाला की सगळ्यांनाच बरं वाटतं, असं काही नाही.

एवढ्यात काउंटरवालीनं नाक वर केलं. “कुणाचं बाळ आलंय का गं?”

“नाही. का?”

“वास येतोय बघ. न्हाऊमाखू घातलेल्या बाळाचा!”

सिस्टिमवालीनंही वास घेतला. गोडसर, मऊ, अगदी ओळखीचा. पहाटे कुशीतून येतो तो. ती वासाच्या मागानं गेली. वास जिन्याकडून येत होता. कपाटातून येत होता. म्हाताऱ्याच्या अंगाला बाळाचा वास येत होता!

तिनं पर्समधली सिरिंज हुंगली. मलम.

मग पेस्ट कुठंय?

पेस्ट स्वयंपाकघरातल्या फळीवर होती, बाळाच्या मलमाच्या जागी. सकाळी घाईत तिनं भलतीच सिरिंज पर्समध्ये टाकली होती. पेस्टच्या सिरिंजवरचं लेबल तिनंच आदल्या संध्याकाळी खरवडून काढलं होतं, बाळाच्या घशात जाऊ नये म्हणून! वेष्टण फेकण्याआधी मागचा बारीक मजकूर तिनं वाचला होता. ती असले मजकूर वाचायचीच. ‘मुलांच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.’ आणि तिचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालायच्या वयाचं होतं. पुरळावर लावलेलं मलम त्याच्या मुठीला लागायचंच, आणि मूठ तोंडात जायचीच.

तिनं सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. बाळ झोपलं होतं आणि सासूबाईंनी नियमाप्रमाणे फोन मुका केला होता.

नवऱ्याला लावला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गोदामात, मागे ट्रकची घरघर.

“अहो, सिरिंज बदलल्या! मलम सर्व्हरला लागलंय!”

“मग? तापला का?”

“बाळाचं सांगतेय मी!”

“बाळ तापलंय?”

“बाळाला सर्व्हरची पेस्ट लागलीय!”

मग तो एवढंच म्हणाला, “निघतो.” त्याचा आवाज इतका बारीक तिनं कधी ऐकला नव्हता.

तिनं समोरच्या काकूंना लावला. “काकू, पळत जा, आईंना म्हणावं बाळाला काहीही लावू नका! लावलं असेल तर पुसा!” काकू गेल्या. ती रस्त्यावर येऊन टॅक्सीला हात करत होती तेवढ्यात काकूंचा फोन आला.

“जाऊन आले गं.”

“काय म्हणाल्या आई?”

“काही नाही. दार बंद आहे. कागद लावलायस ना तू.”

“काकू, दार ठोका!”

“ठोकू नये असं लिहिलंय.”

“मीच लिहिलंय ते!”

“तेच म्हणते मी, तूच लिहिलंयस! मागे मी नुसती खोकले तर दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी!”

टॅक्सीत बसल्यावर मॅडमचा फोन. “मशीन सोडून कुठं गेलीस? मी अजून तपासलं नाही काही!”

तिनं सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे, पण सगळं सांगितलं. मॅडम ओरडतील म्हणून तिनं डोळे मिटले. मॅडम ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं.

“तोंडात गेलंय?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“पोचल्यावर ओल्या कपड्यानं पुसून काढ. ओठ बघ, श्वास बघ. मग मला फोन कर. मी बालरोगवाल्यांना सांगून ठेवते.” आणि मग, “रडू नकोस. रस्ता बघ.”

ती रस्ता बघत राहिली. मलमाचं मनात येताच ठोकळ्याखालचा नवा प्रोसेसरही डोळ्यांसमोर आला, आणि आपल्याला या क्षणी त्याचंही सुचतंय याची तिला लाज वाटली. नोकरी गेली तर जाऊ दे. फक्त ते मलम आज लावायचं राहिलेलं असू दे. आईंचा डोळा लागलेला असू दे. काहीही असू दे. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपल्या सूचना पाळल्या गेल्या नसाव्यात म्हणून हात जोडत होती!

ती जिना चढून धापा टाकत दारापाशी आली. काकू तिथं चवड्यांवर उभ्या होत्या.

“काही आवाज?” तिनं कुजबुजत विचारलं.

“नाही,” काकू कुजबुजल्या. “अगदी शांत आहे.”

तिनं हात उचलला आणि दारावर टकटक केलं. एका बोटानं. हळूच! बाळाला विष लागलंय की नाही हे तिला माहीत नव्हतं. पण ते झोपलंय हे माहीत होतं ना! क्षणभरानं आपण काय करतोय ते तिचं तिलाच कळलं. मग मात्र तिनं दोन्ही मुठींनी दार असं बडवलं की वरखालच्या मजल्यांवरची दारं उघडली. कागद फाटून खाली पडला.

कडी निघाली. सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. “शूऽऽ! वेड लागलंय का?”

ती त्यांना जवळजवळ ढकलूनच आत गेली. बाळ पालथं झोपलं होतं, गालाखाली मूठ. तिनं मूठ बघितली. ओठ बघितले. नाकाशी कान नेला. लंगोट सोडला. पुरळ नव्हतं. पांढरं काही नव्हतं. कातडी तेलानं चकचकीत होती, नुसती तेलानं.

आणि मग तिला रडू फुटलं. साधंसुधं नाही, भोंगाच! बाळ दचकलं, आईकडे बघितलं आणि आईच्या वरच्या पट्टीत सुरू झालं.

“उठवलंस ना!” सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “किती वेळ थोपटत होते मी!”

“आई, मलम? मलम लावलं आज?”

सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीकडे वळल्या. “लावलं की.”

“आई, खरं सांगा! त्यात मलम नव्हतंच. मशीनची पेस्ट होती. विषारी!”

सासूबाईंचा थोपटणारा हात थांबला. त्या हळूच पलंगावर टेकल्या. “नाही लावलं,” त्या म्हणाल्या. “कधीच नाही लावलं. सुई नसली म्हणून काय झालं, सिरिंज ती सिरिंज. एवढ्याशा जिवाजवळ न्यायला हात होत नाही माझा. तेल लावते मी. बोटानं.”

“पण संपायचं कसं ते?”

“बेसिनमध्ये सोडत होते थोडं थोडं. तू रात्री उजेडात धरून बघतेस ना, किती उरलंय ते.” मग तक्रारीच्या सुरात, “आजचं मात्र मेलं चिकटून बसलंय. घासलं, गरम पाणी ओतलं. हलत नाही! आणि दट्ट्या जरा जोरातच दाबला गेला. सगळंच गेलं.”

तिनं नवऱ्याला ‘बाळ ठीक आहे’ असं कळवलं आणि मॅडमना फोन लावला. मॅडमनी एक लांब श्वास सोडला. तोही निदानासारखाच वाटला.

“बरं. मशीन चालतंय अजून. ते मलम वाळलं की काय होईल?”

“तापेल, मॅडम. उद्या सकाळी उघडून नीट पेस्ट लावते.”

“आहे दुसरी?”

तिनं बेसिनकडे बघितलं. “काढावी लागेल,” ती म्हणाली.

“येशील ना पण उद्या? की बाहेरून बघू कुणी?”

बाळ हुंदके देत तेलकट बोटांनी सासूबाईंचं नाक धरत होतं. पाणी उकळणं, खेळणी धुणं, टीव्ही बंद ठेवणं... तिच्या त्या बाकीच्या सगळ्या नियमांचं या घरात खरं काय होतं, ते विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“येते, मॅडम,” ती म्हणाली.

“जा बिनघोर,” फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या. “अगदीच चैन पडलं नाही तर दुपारी फोन कर. विचार, मलम लावलं का म्हणून.”

“आणि तुम्ही?”

“मी लावलं म्हणीन.”