हिरव्या ओट्याचं वळण

आईबापांच्या खालोखाल माझ्यावर कुणाचे उपकार असतील, तर ते परंड्याच्या नगरपालिकेतले ओव्हरसियर दस्तगीरसाहेब यांचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आज शाळेत भूगोल शिकवतो, तो त्यांच्यामुळे. पण साहेबांची ओळख करून द्यायची तर उपकारांपासून सुरुवात करून भागणार नाही. ती त्यांच्या हातापासून करावी लागेल.

साहेब पायी चालताना वळायच्या आधी हात दाखवायचे. रस्त्यावर मोटार नाही, सायकल नाही, फार तर एखादी शेळी. तरी कोपरा आला की साहेब थांबणार, मागं बघणार, हात खांद्याच्या रेषेत लांब करणार आणि मगच गल्लीत वळणार. डाव्या बाजूनं चालायचा नेम तर इतका कडक, की डावीकडं चिखल असला तर चिखलातून जातील, पण उजवीकडं पाऊल टाकणार नाहीत. कुणी हसलं की म्हणायचे, "हसा. आज का नक्को देखो, वीस बरस के बाद का देखो. या चौकात रस्ता ओलांडायला तुमचा हात धरायला माणूस लागंल."

हे ते सांगत होते अशा गावात, जिथं दिवसाकाठी मोजक्या बसगाड्या येत आणि त्याही गावात शिरत नसत. वेस ओलांडून चौकात आलेल्या बसला वळायला जागाच नव्हती. म्हणून बस वेशीबाहेर चिंचेखाली थांबायची आणि तिथून माणसं टांग्यानं गावात यायची. टांगा माझ्या वडिलांचा. बस चौकात आणायची हे साहेबांचं स्वप्न, आणि ती बाहेर थांबते म्हणून आमची चूल पेटायची.

वडिलांना गाव किसन टांगेवाले म्हणायचं. साहेब दिसले की ते लगाम खेचायचे.

"काय साहेब, कवा येणार तुमची गर्दी?"

"निघाली आहे, किसनराव. कुर्डुवाडीपर्यंत आली."

"ती आल्यावर माजी घोडी काय खाईल?"

"घोडी को पेन्शन दो. आणि टांगा डावीकडं घ्या आधी. आपली नाही, तर घोडीची तरी अक्कल चालवा."

वडील चडफडत निघून जायचे. घोडी मात्र पुढं पुढं इतकी शहाणी झाली, की लांबून साहेबांची काळी टोपी दिसली तरी आपली आपण डावीकडं सरकायची. "माजं खाती अन् त्येंचं ऐकती," असं वडील म्हणायचे.

साहेब निजामाच्या काळात नोकरीला लागलेले. तेव्हा सगळं दप्तर उर्दूत होतं. विलीनीकरणानंतर ते मराठीत आलं आणि साहेबांना उतारवयात बाळबोध गिरवायची वेळ आली. ती लिपी त्यांना मी, शाळकरी पोरानं, शिकवली आणि त्यांनी मला गणित आणि इंग्रजी. अक्षरांपेक्षा त्यांना शिरोरेषेचा फार आनंद झाला. "वा! हर लफ्ज के ऊपर रस्ता! और कैसा सीधा!" आधी पट्टीनं कागदभर रेषा ओढून घ्यायचे आणि मग ओळीनं दुकानं मांडावीत तशी तिच्याखाली अक्षरं टांगायचे. एखाद्या शब्दाला जागा पुरली नाही, तर त्या शब्दाचं अतिक्रमण झालं म्हणून पुढचा शब्दच गाळायचे. त्यांचे अर्ज वाचताना मोठ्या साहेबांची त्रेधा उडायची.

मी सातवी झालो तेव्हा वडिलांनी लगाम माझ्या हातात द्यायचं ठरवलं. हे कळताच साहेब आमच्या गल्लीच्या तोंडाशी हात दाखवून आत वळले आणि दारात उभे राहिले.

"किसनराव, टांग्याची वीस बरसं राहिली नाहीत. ज्या रस्त्याला उद्या नाही, त्यावर पोरगं सोडू नका."

"म्हंजी रस्ता तुमीच बंद करणार, अन् सांगायलाबी तुमीच येणार व्हय?"

"नव्या रस्त्याचा नकाशा मी काढला. मग दुसरं कोण सांगणार?"

वडिलांनी लगाम स्वतःच्याच हातात ठेवला. मी बार्शीच्या हायस्कुलात गेलो, पुढं सोलापूरच्या कॉलेजात. माझ्या बापाचा धंदा ज्यांनी नकाशावर पुसला, त्यांनीच त्याच कागदावर माझी वाट आखली, असं मला अजून वाटतं.

तो नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर टांगलेला असायचा. वीस वर्षांनंतरचं परंडा. वेशीपासून चौकापर्यंत रुंद रस्ता, दोन्ही अंगांना गटारं, बाजार गावाबाहेर, गाड्या उभ्या करायला वेगळी जागा. ती जागा इतकी मोठी दाखवली होती, की लोक विचारायचे, "साहेब, इथं जत्रा भरणार का?" सगळ्या रेषा पट्टीनं ओढलेल्या. चौकात मात्र रस्ता एके ठिकाणी उगीच बाक घेऊन गेलेला, वाटेत झोपलेल्या कुत्र्याला आपण वळसा घालतो तसा.

तो बाक होता साहेबांच्या स्वतःच्या घरासमोर. घराला दगडी ओटा होता, चांगला चौकात आलेला. दर ईदेच्या आधी साहेब स्वतः तो हिरव्या रंगानं रंगवायचे. गावातल्या प्रत्येक पुढं आलेल्या पायरीवर, ती पाडायची म्हणून, त्यांनी चुन्याची खूण मारली होती. मारुतीच्या पारावर मारली, मशिदीच्या कट्ट्यावर मारली. दोन्हीकडच्या मंडळींशी भांडून, त्यांचा चहा पिऊन, दोन्ही बांधकामं मागं घ्यायला लावली. आपल्या ओट्याला मात्र चुन्याचं बोट लावलं नाही.

चौकातले कापडवाले गुलाबचंद शेठ एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, आमच्या पायऱ्या तोडताना तुम्हाला वीस वर्षांपुढचं दिसलं. तुमच्या ओट्यापाशी आलात की मोतीबिंदू होतो का?"

एरवी एका वाक्याला चार वाक्यं परत करणारे साहेब तेव्हा छत्री उघडून निघून गेले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

त्यांचा आणखी एक नेम होता. बसच्या वेळेला कागद-पेन्सिल घेऊन ते चिंचेखाली उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वाहतुकीची मोजदाद." सुटीत आलो असताना एकदा मी शेजारी उभा राहिलो. बस आली, माणसं उतरली. साहेबांचं लक्ष ना चाकांकडं, ना टपावरच्या गाठोड्यांकडं. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड तेवढं ते बघत होते. शेवटची म्हातारी उतरल्यावर त्यांनी वाकून रिकाम्या बसमध्ये पाहिलं. मग "चलो," म्हणाले, हात दाखवला आणि वळले. कागद कोरा होता.

मी घरी येऊन वडिलांना विचारलं. घोडीला खरारा करता करता ते थांबले.

"त्येंचा धाकला भाऊ व्हता, हमीद. त्येनीच वाढीवलेला, लेकरावानी. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली पोरगं भ्यालं अन् हैद्राबादेकडं निघालं. माज्याच टांग्यात बसिवलं त्येला. साहेब टांग्यामागं वेशीपातुर चालत आले. पोरगं रडत म्हणलं, 'भाईजान, गाव बदललं तरी ओटा ठेवा. म्या ओट्यावरनं घर वळखीन.' तवापासनं ना चिठ्ठी, ना सांगावा. म्हून बाक हाय त्यो. तू कुटं बोलू नगंस."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की साहेबांची उठताबसता टिंगल करणाऱ्या माझ्या वडिलांनी ओट्यावरून त्यांना एकदाही छेडलं नव्हतं.

पुढं कधीतरी वरून रस्ता मंजूर झाला आणि एकच प्रश्न आला: चौकात बस वळेल का? साहेबांनी प्रश्नाचं उत्तर बांबूंनी द्यायचं ठरवलं. बसच्या लांबीरुंदीचा बांबूंचा सांगाडा बांधला. चारी कोपऱ्यांवर आणि मधे मधे झाडलोट खात्यातली माणसं उभी केली. सगळ्यात पुढं उजव्या कोपऱ्यात स्वतः साहेब, हातात कुणाच्या तरी घरची पिठाची चाळणी, स्टिअरिंग म्हणून. अशी बस वेशीतून आत निघाली. मागच्यांनी पाय उचलायला उशीर केला की साहेब ओरडायचे, "अरे, मागचं चाक कुठं गेलं?" मागचं चाक तंबाखू मळत असायचं.

बघायला सगळं गाव लोटलं. पोरं बसच्या आत शिरून फुकट प्रवास करू लागली. शेळ्या, हातगाड्या, मागं आमचा टांगा, त्यामागं कडब्याच्या बैलगाड्या. साहेब इतकी वर्षं सांगत होते ती गर्दी त्या दिवशी परंड्याच्या चौकात अखेर आली, आणि तिच्या तोंडाशी तेच होते.

त्यांनी हात दाखवला आणि नकाशातल्या बाकावरून बस वळवायला घेतली. मागचा बांबू हिरव्या ओट्याला लागला आणि कडकन वाजला. मागं घेऊन पुन्हा वळवली. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा तर बस तिरकी होऊन ओटा आणि शेठच्या दुकानाच्या मधे अडकूनच बसली.

"साहेब, गाडी अडली हो!" गुलाबचंद शेठ गल्ल्यावरून ओरडले. "अन् अडली ती कुणाच्या दारात?"

चौक हसून हसून लोटपोट झाला. वडील तेवढे हसले नाहीत. ते टांग्यातून उतरून पुढं आले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ते हळू म्हणाले. "बस थांबू दे भाइरच. माजी घोडी हाय अजून धड."

साहेबांनी चाळणी खाली ठेवली. "किसनराव, इतकी बरसं सगळ्यांच्या दारात जाऊन खरं बोललो. आता आपल्या दारात खोटं बोलू?"

ते घरात गेले, चुन्याची बादली घेऊन आले आणि ओट्यावर भिंतीला लागून त्यांनी रेघ मारली. सरळ. हसणं थांबलं. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"अन् हमीद आला तर?" वडिलांनी विचारलं.

"आता बसनं थेट चौकात उतरंल."

"उतरंल. पर घर वळखायचं कशावरनं त्येनं?"

साहेब हातावरचा चुना पुसत राहिले. तो काही जाईना.

दुसऱ्या दिवशी ओटा फोडायला घेतला. पहिला दगड साहेबांनी काढला आणि उरलेला वेळ घराकडं पाठ करून उभे राहिले. रस्ता झाला, बस चौकात आली, एका दमात वळली. आमचा टांगा थोड्याच दिवसांत विकला गेला. साहेब सेवेतून निवृत्त झाले आणि लेकीच्या आग्रहाखातर तिच्याकडं हैदराबादला गेले. जाताना घराची किल्ली वडिलांच्या हातात दिली. "कुणी आलं तर," एवढंच म्हणाले.

मी नोकरीनिमित्त बाहेरगावीच असतो; सुटीत वडीलच माझ्याकडं यायचे. मागच्या सुटीत गावी जाऊन आलो आणि साहेबांना पत्र लिहिलं. शिरोरेषा पट्टीनं ओढल्या आणि अक्षरं मोठी काढली. आता त्यांना बारीक दिसत नाही.

*

आदरणीय साहेबांना,

आदाब.

माझ्याकडं असताना वडील वारल्याचं मी आपल्याला मागंच कळवलं होतं. परवा मी कितीतरी वर्षांनी परंड्याला गेलो. कुर्डुवाडीला बसमध्ये माझ्या पुढच्या बाईनं कंडक्टरकडं तिकीट मागितलं, "ओट्याचं एक द्या." मला वाटलं, एखादं नवं खेडं असेल. पण कंडक्टरनं तिला परंड्याचं तिकीट दिलं.

बस चौकात थांबली तेव्हा तो ओरडला, "ओटा! ओटावाले उतरा!" मी त्याला विचारलं, "अहो, इथं ओटा कुठं आहे?" तो म्हणाला, "ओटा न्हाय, पर स्टॉपचं नाव त्येच हाय. आमच्या आधीपासनं."

मग शेठनी सांगितलं. टांगा विकल्यावर वडील रोज बसच्या वेळेला चौकात आपल्या बंद घराच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि बस वळली की ओरडायचे, "ओटा आला, ओटा!" लोक आधी हसले. पुढं कंडक्टर तेच ओरडू लागले. आता गाव चौकाला दुसऱ्या नावानं ओळखत नाही. हे वडिलांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आपल्यालाही सांगितलं नसणार.

म्हणून कळवतो, की हमीदचाचा आले तर त्यांना वाट विचारावी लागणार नाही. बस त्यांना बरोबर दारात उतरवील. किल्ली आमच्या घरी खुंटीला आहे. आपलं दार मी झाडून घेतलं.

निघताना चौकाच्या कोपऱ्याशी वळायच्या आधी, आपण लावलेल्या सवयीनं, हात दाखवला. कुणी हसलं नाही, साहेब. मागं खरोखरच बस होती. ती माझ्यासाठी थांबली.

आपला,
किसन टांगेवाल्याचा मुलगा